डाव्या खांद्यावरची कळी

आमच्या गावचं हायस्कूल देवीच्या कौलानं उभं राहिलं, असं गावात अजून छाती फुगवून सांगतात. बाहेरचा पाहुणा असला की हमखास. सांगणारा मग माझ्याकडं हात करतो, ‘यांच्याच वडिलांनी लावला होता कौल,’ आणि पाहुणा कौतुकानं मान डोलावतो. मी चहाच्या कपात बघते. इतकी वर्षं झाली, पण त्या वेळी कपाखेरीज दुसरीकडं कुठं बघावं ते मला अजून उमगलेलं नाही.

आम्ही गुरव. आष्ट्याहून कृष्णेकडं उतरताना आमचं गाव लागतं आणि गावाच्या वेशीलाच देवीचं देऊळ. पूजा, दिवाबत्ती, नवसाचे नारळ फोडणं, लग्नकार्याला पत्रावळ्या पुरवणं हा आमचा धंदा, आणि त्याबद्दल सुगीला गाव आमच्या पदरात धान्य घालायचं. माझे वडील, म्हणजे आबा, कधी शाळेत गेले नव्हते. पण मराठी चौथी झाल्यावर आई मला घरी बसवायला निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘असू दे की. देवळाच्या पायरीवरनं शाळा दिसती.’

माझं शिक्षण या एका वाक्यावर उभं होतं. शाळा दिसत होती म्हणून मी जात होते. दिसेनाशी झाली असती तर दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली असती, आणि त्यात आईचा काही दोष नव्हता. आजूबाजूला सगळीकडं तेच चाललं होतं.

गावात तेव्हा मराठी चौथीच्या पुढच्या, म्हणजे इंग्रजी शाळा दोन. एक आमची, पेठेतली. व्यापाऱ्याच्या गुळाच्या जुन्या वखारीत ती भरायची. गूळ कधीच हलला होता, पण मुंग्यांना आणि गांधीलमाश्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. दुसरी ओढ्यापलीकडं माळावर, पत्र्याच्या छपरात. ती वाड्यावस्त्यांवरच्या शेतकऱ्यांनी घरटी मूठमूठ जोंधळा गोळा करून उभी केलेली. आमच्या शाळेची पोरं त्यांना ‘ढेकळं’ म्हणायची. ती आम्हाला ‘गुळावरच्या माश्या’ म्हणायची. आमच्या शाळेवर एका वकिलांचा वरदहस्त होता, त्यांच्या शाळेवर एका पेन्शनर सुभेदारांचा. या दोघांचं एकमेकांशी कसल्याच गोष्टीत जुळत नसे. एक पूर्व म्हणाला की दुसरा पश्चिम, मग सूर्य कुठंही उगवो.

माळावरच्या शाळेत माझी एक मैत्रीण होती. ओढ्यापलीकडच्या धनगरवाडीतली. तिचा आजा विट्याकडच्या कोरड्या मुलखातून मेंढरं घेऊन इकडं आला आणि इथंच राहिला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी देवीला दुधाचा पहिला तांब्या त्यांच्या घरचा असायचा. तो मान होता त्यांचा, आणि तो घेऊन ती यायची. आम्ही दोघी एकाच इयत्तेत, इंग्रजी चौथीत. त्यांच्याकडं इंग्रजीचा मास्तर टिकत नव्हता, आणि आमचा गणिताचा मास्तर कुणाला काही समजू देत नव्हता. मग देवळाच्या पायरीवर ती मला भूमिती समजावून सांगायची आणि मी तिला धडे वाचून दाखवायची. भूमितीत ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. पायरीवर कोळशानं त्रिकोण काढायची आणि आबा ते पाण्यानं धुऊन टाकत म्हणायचे, ‘देवीला कळंल आसं काढा गं पोरीनू.’

तिचंही माझ्यासारखंच होतं. शाळा वाडीच्या शेताला लागून होती, तिचा बाप मेंढरं राखता राखता तिला बघू शकत होता, म्हणून ती शिकत होती.

महायुद्ध संपलं त्याच सुमाराची गोष्ट. शाळा तपासायला दिपोटी आले. दोन्ही शाळा त्यांनी पाहिल्या आणि सांगितलं, की अशा अर्ध्यामुर्ध्या दोन शाळांना मॅट्रिकपर्यंतची परवानगी मिळायची नाही. दोन्ही मोडून एकच नवं विद्यालय करा, मोठं, नीट इमारतीचं. मग परवानगी आणतो.

हे सगळ्यांना पटलं. अगदी वकिलांना आणि सुभेदारांनाही, आणि त्यामुळं गाव थोडं घाबरलंच. पण ते एकमत एवढ्यापुरतंच. शाळा बांधायची कुठं, यावर गाडं अडलं. वकिलांचं म्हणणं देवळामागच्या मोकळ्या रानात. सुभेदारांचं म्हणणं माळावर. ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता. आषाढात ओढा भरला की दोन दोन दिवस उतार मिळायचा नाही. शाळा अलीकडं झाली तर वाड्यांची पोरं पावसाळाभर अडकणार, पलीकडं झाली तर गावची.

चावडीवर बैठकांवर बैठका झाल्या. आबा गावकामगार म्हणून पान-सुपारीचं तबक घेऊन जात आणि घरी येऊन आईला सगळं सांगत. वकील कायदा सांगत, सुभेदार पलटणीतला दम देत. पोरांचे पाय, पोरांच्या भाकऱ्या, पोरांचं भिजणं यावर भरपूर बोलणं होई. पोरींचा विषय एकदाही निघाला नाही. निघणार कसा? दोन्ही शाळांत मिळून आम्ही बोटावर मोजण्याइतक्या. पण गावच्या पोराला ओढा ओलांडून माळावर पाठवता येत होतं, मला येत नव्हतं. वाडीचं पोरगं दप्तर डोक्यावर घेऊन ओढा पोहून आलं असतं, माझ्या मैत्रिणीला कुणी पोहू दिलं नसतं. दोन शाळांची एक शाळा होणार होती, आणि आम्हा दोघींतली एकच पुढं शिकणार होती. हे गावात आम्हा दोघींनाच समजलेलं होतं.

शेवटी कंटाळून सुभेदारच म्हणाले, ‘वकीलसाहेब, तुमी ऐकनार न्हाई आन मी हटनार न्हाई. देवीला इचारू. तिची आर्डर झाली की बास.’

वकील एरवी अंधश्रद्धेवर गणपतीत व्याख्यानं देणारे. पण ते एका क्षणात हो म्हणाले. मला तेव्हा नवल वाटलं, आता वाटत नाही. वकिलांना सुभेदारांपुढं नमतं घ्यायचं नव्हतं आणि सुभेदारांना वकिलांपुढं. देवीपुढं हरायला मात्र दोघांची तयारी होती, त्यात कुणाचं नाक कापलं जात नव्हतं.

कौल म्हणजे आमच्याकडं असा असतो. देवीच्या दोन्ही खांद्यांवर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. जी कळी आधी पडेल तो देवीचा शब्द. लग्न जमवण्यापासून विहीर कुठं खणायची इथपर्यंत गाव देवीला विचारायचं आणि कळ्या आबा लावायचे. आजूबाजूच्या गावांतून माणसं येत, कारण आबांच्या हातचा कौल खोटा जात नाही असा लौकिक होता.

कौल बुधवारी सकाळी ठरला. आदल्या दिवशी मंगळवार, म्हणून ती दूध घेऊन आली. तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘उद्या हाय न्हवं?’

‘हाय.’

‘मग देवीला सांग की गं माझं. तू तिच्या घरातलीच हाईस. म्हणावं, माळावरच ऱ्हाऊ दे.’ बोलता बोलता ती हसत होती. माझं काय होणार हे तिला माहीत होतं, तरी हसत होती. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, ‘न्हाई तर आसं कर, दोघींचंबी सांग.’

मी मान डोलावली.

त्या दिवशी तिन्हीसांजेला आबा अंगणात पत्रावळ्या टाचत बसले होते. मी पानं पुसून त्यांच्या हातात देत होते. आई आत चुलीपाशी होती. मी म्हणाले, ‘आबा, माळावर शाळा झाली तर आई मला धाडायची न्हाई.’

एवढंच म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण तिचं नाव मी घेतलं नाही. ओठापर्यंत आलं होतं असंही म्हणता येणार नाही, आलंच नव्हतं. आबांनी हातातलं पान टाचलं, दुसरं घेतलं आणि म्हणाले, ‘ते देवीच्या हातात हाय, बाय.’

बुधवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. वाड्यांवरची माणसं पहाटेच ओढा ओलांडून आलेली. आबा उपाशीपोटी, ओल्या पंचानं गाभाऱ्यात. आधी अर्धी सकाळ कुठली कळी कुणाची यावरच गेली. उजवा खांदा शुभ, तो दोन्ही बाजूंना हवा. मग उजवा म्हणजे देवीचा उजवा की आपला, यावर एक फेरी. शेवटी वकिलांनी मोठ्या मनानं हात उंचावले आणि म्हणाले, ‘उजवा सुभेदारांना. आम्ही डावा घेतो. म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको.’ वकिलांची अक्कल काही कमी नव्हती.

उजवी कळी माळाची, डावी देवळामागच्या रानाची. आबांनी दोन्ही कळ्या तांब्यात बुडवल्या आणि एकेक करून चिकटवल्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं, ‘आई, लेकरं ह्या हाताची बी तुझीच आन त्या हाताची बी तुझीच. तुझ्या मनात जिथं आसंल तिथली कळी दे.’

मी बायकांत, खांबाला टेकून उभी होते. तिथून आबांची पाठ आणि हात दिसत होते. त्यांचा हात एका खांद्यावर जास्त वेळ राहिला का, एका कळीला जास्त पाणी लागलं का, याचा मी पुढं इतका विचार केला, की जे दिसलं होतं ते आणि जे नंतर मनानं रचलं ते मला वेगळं करता येईना. कधी वाटायचं, काहीच झालं नाही. कधी वाटायचं, झालं.

डावी कळी पडली.

‘आईचा उदो उदो!’ म्हणून देऊळ दणाणलं. मला हसू फुटलं आणि मी पदर तोंडावर धरला. माझ्या मनात त्या घटकेला दुसरं कुणी नव्हतं, फक्त मी होते आणि देवळामागची शाळा होती. मग माझी नजर वाडीच्या माणसांकडं गेली. माझ्या मैत्रिणीचा बाप पुढं झाला. उंचापुरा, खांद्यावर घोंगडं. त्यानं गाभाऱ्यापुढं लोटांगण घातलं, अंगारा कपाळाला लावला आणि म्हणाला, ‘आईनं सांगितलं. आता ह्यात मानसानं काय बोलायचं?’

हेच वाक्य मला आजवर सोडत नाही. चावडीवर मतं मोजून वकील जिंकले असते तर सुभेदारांनी ईर्ष्येनं माळावरची शाळा चालूच ठेवली असती. अर्धीमुर्धी का होईना, शाळा राहिली असती, आणि माझी मैत्रीण तिथं शिकली असती. माणसाशी भांडता येतं. देवीशी कोण भांडणार? सुभेदारांनी मुकाट्यानं पत्र्याचं छप्पर उतरवलं आणि ते पत्रे नव्या शाळेला दिले.

शाळा चांगली झाली. हे सांगायलाच हवं, नाहीतर लबाडी होईल. पहिले काही आठवडे ढेकळं आणि माश्या यांच्यात रोज डोकी फुटली, मग सगळे मिळून दुसऱ्या गावाशी हुतुतू खेळायला लागले. गणिताला नवा मास्तर आला, तो समजेल असं शिकवायचा. ती माझ्याशेजारी बसायला लागली. ज्येष्ठ सगळा आम्ही एका बाकावर काढला, आणि तेवढे दिवस मला वाटत राहिलं की आपण उगीच भ्यायलो, देवीनं दोघींचंही बघितलं.

आषाढात ओढा भरला. एका संध्याकाळी ती अलीकडंच अडकली आणि आमच्या घरी राहिली. आबांनी तिला स्वतः वाढलं. ‘खा पोरी, खा,’ म्हणत भाकरीवर भाकरी टाकली, इतकी की आई त्यांच्याकडं बघायला लागली. आम्ही एका वाकळेत निजलो. दुसऱ्या दिवशी उतार मिळाल्यावर तिचा चुलता न्यायला आला. तो आबांना एक शब्द वावगा बोलला नाही, फक्त तिला म्हणाला, ‘चल. हुतं तेवढं झालं शिकून.’ पुढं ती मंगळवारी-शुक्रवारी दूध घेऊन यायची, पाटी-पुस्तक न घेता. तुळशीचं लग्न झाल्यावर तिचंही झालं. वाडीची काही पोरंही त्या पावसाळ्यात गळाली ती गळालीच, मेंढरांमागं गेली. पण त्यांची नावं मला आठवत नाहीत, आणि हेही मी माझ्याच खात्यावर धरते.

आबांनी त्या बुधवारनंतर कौल लावला नाही. माझ्या चुलत्याला बसवलं. कुणी विचारलं तर सांगायचे, ‘हात कापतो आता.’ पण नंदादीपाची वात कातरताना त्यांचा हात कापत नव्हता, टाचणीसारख्या काडीनं पत्रावळ टाचतानाही नव्हता. लांबून आलेली माणसं हिरमुसून जात. चुलत्याच्या कौलाला तो लौकिक कधीच आला नाही, आणि सुगीला पदरात पडणारं धान्यही हळूहळू आखडलं. मी बघत होते. मी शाळेतून यायची, आबा पायरीवर बसलेले असायचे, म्हणायचे, ‘आलीस? दिसत हुतीस मला.’ मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते नको होतं.

मॅट्रिकच्या परीक्षेला मी सांगलीला जाऊन बसले आणि पास झाले. आमच्या गावची पहिली मुलगी. वकिलांनी सभेत भाषण केलं, त्यात देवीचा कौल कसा खरा ठरला ते सांगितलं. आबा सभेला आले नाहीत.

त्यानंतरच्या जत्रेला ती माहेरी आली, कडेवर पोर घेऊन. दुपारी गर्दी ओसरल्यावर देवळात आली. आबा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी समई पुसत बसले होते, मी फुलं निवडत होते. तिनं नमस्कार केला आणि म्हणाली, ‘आबा, कौल लावायचाय.’

‘धाकटा बाहेर हाय, लावंल तो.’

‘तुमच्याच हातचा पायजे. मालक पलटणीत हायती, त्यास्नी घर मिळालंय तिकडं. ये म्हनत्यात. सासू न्हाई म्हनती. जाऊ का नगं, ते आईला इचारायचंय.’

‘मी सोडलंय, पोरी.’

‘का वं?’

आबा समई पुसत राहिले. मग त्यांनी फडकं खाली ठेवलं. ‘तुझ्यापासनं काय लपवू? त्या शाळंच्या कौलाला मी हातानं काय केलं न्हाई. ह्या आईची आन हाय. सारख्याच भिजवल्या, सारख्याच लावल्या. पर लावताना माझ्या मनात ही हुती.’ त्यांनी माझ्याकडं बोट केलं. ‘आदल्या दिशी बोलली हुती बिचारी. कौल लावनाऱ्याच्या मनात कोन बी नसावं लागतं. गावाला काय सांगू? सांगून ओढा उतरनार हुता व्हय? म्हनून हात काढून घेतला.’

माझ्या हातातली फुलं तशीच राहिली. इतकी वर्षं मी आबांच्या हातावर संशय घेत होते. हात स्वच्छ होता. आबांच्या मनात मला घालणारी मीच होते, आणि त्याची शिक्षा त्यांनी स्वतःला दिली होती, मला एका शब्दानं न कळवता.

तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती हसली. कडू हसणं नव्हतं ते, तेच जुनं. ‘आवं आबा, माझ्या बापाच्या मनात तरी त्या दिशी कोन हुतं? मीच हुते की. बाप म्हणल्यावर तेवढं असनारच.’ मग म्हणाली, ‘मग जाऊ का मी?’

‘जा. कौल लावायचा तो ज्याचं मन ठरत न्हाई त्यानं. तुझं ठरलंय.’

तिनं मान हलवली. जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. ‘आन तू गं? मी म्हणलं हुतं तुला, दोघींचंबी सांग. सांगितलं हुतंस का माझं?’

सहज विचारलं तिनं, जत्रेत बांगड्यांचा भाव विचारावा तसं. मी म्हणाले, ‘व्हय. सांगितलं हुतं.’

मागं आबांनी समई पुन्हा हातात घेतली होती. मी आदल्या दिवशी काय बोलले होते आणि काय नाही, हे या जगात त्या एका माणसाला ठाऊक होतं. फडक्याचा आवाज थांबला. मी मागं वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं फडकं पुन्हा चालायला लागलं.

‘मला वाटलंच हुतं,’ ती म्हणाली. पोर माझ्या कडेवर दिलं आणि देवीच्या पाया पडायला वाकली.